पावसाच्या तोंडावर घर

"गावी घर बांधायला काढतोय. पावसाळ्यात काम चालू ठेवलं तर चालेल का हो?"

मुंबईत तीस वर्षं नोकरी केलेला आणि निवृत्तीच्या सुमाराला आजोबांच्या पडक्या जोत्याकडे नजर वळलेला कोकणी माणूस हा प्रश्न विचारतोच. त्याला उत्तरं तीन मिळतात. ठेकेदार म्हणतो, "चालतं की! ताडपत्री टाकू." शेजारचे काका म्हणतात, "छे छे, सगळं सिमेंट धुऊन जाईल." इंजिनिअर झालेला भाचा फोनवर सांगतो, "उलट बरंच की मामा, पाणी मारायचा खर्च वाचेल." गंमत म्हणजे तिघंही खरं बोलतात. फक्त काका बोलतात ते आजच्या स्लॅबबद्दल, भाचा बोलतो तो परवाच्या, आणि ठेकेदार बोलतो तो पुढच्या बिलाबद्दल.

तेव्हा प्रश्न थोडा बदलून घेऊ. पाणी कुठल्या मालाला भेटतंय, आणि भेटतंय तेव्हा त्या मालाचं वय काय? कधी वय तासांत मोजायचं, कधी दिवसांत, कधी वर्षांत. हे एकदा कळलं की ताडपत्री कधी धरायची आणि कधी सोडून द्यायची, ते आपोआप सुचत जातं.

उदाहरणं कोकणातली देतो, कारण माझं स्वतःचं घर राजापूर तालुक्यात झालं आणि त्यात करायच्या त्या बऱ्याचशा चुका मी करून बसलो आहे.

१. मुहूर्त आणि उलटी मोजणी

अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करायची आपल्याकडे फार हौस. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सुट्टीचे दिवस, चाकरमानी गावात, आंबे तयार. पण ही तिथी येते वैशाखात, म्हणजे एप्रिलची अखेर किंवा मेचा पहिला पंधरवडा. नारळ फोडला की पुढे जेमतेम महिनाभर कोरडा. तेवढ्यात पायाचे चर खोदून होतात आणि पावसाळाभर त्यात बेडूक ओरडतात.

कोकणातल्या घराला खरा सोयीचा मुहूर्त दसऱ्याचा. पाऊस ओसरलेला असतो, जमीन अजून मऊ असते, विहिरी भरलेल्या असतात आणि हातात सात-आठ महिने असतात. मोजणी मात्र पुढून मागे करायची. छप्पर पुरं होण्याची तारीख आधी ठरवायची, मग भिंतींची, मग जोत्याची.

ती शेवटची तारीख कोणती? कॅलेंडरात मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, म्हणून लोक ३१ मे धरतात. २०२५ साली या हिशेबाने अनेकांची फजिती केली. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मेला देवगडपर्यंत आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईची ठरलेली तारीख ११ जून. मोसमी पाऊस येण्याच्याही आधी चार-पाच दिवस कोकण किनारा भिजत होता. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ तर मेच्या मध्यावरच किनाऱ्याला घासून गेलं. म्हणून माझ्या मते छपराची तारीख १५ मे. त्यानंतरचे दिवस मिळाले तर बोनस समजावेत.

२. छपरावर किती पाणी पडतं?

पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात आणि तो आकडा आपल्या डोक्यात शिरत नाही. युक्ती सोपी आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी.

आता तुमचं घर १०० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण हजार चौरस फुटांचं धरा. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. ३,००० गुणिले १०० म्हणजे तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर तीस टँकर, तेही चार महिन्यांत आणि तुमच्याच डोक्यावर. (पुण्यात याच घरावर सात-साडेसात टँकर पडतात. पुण्याचा आर्किटेक्ट छान चित्रं काढतो, पण पन्हळ बारीक देतो, ते यामुळे.)

छपराला उतार असला म्हणून पाणी वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. पाऊस मोजायचा तो छपराने जमिनीवर धरलेल्या सावलीवर. उतारावरची कौलं मोजायची गरज नाही.

वर्षाच्या आकड्यापेक्षा तासाचा आकडा जास्त कामाचा. जोराची सर आली आणि तासात ५० मिलिमीटर पडला, तर आपल्या छपरावरून तासाला ५,००० लिटर, मिनिटाला ८० लिटरच्या वर पाणी खाली येतं. दोन पाखी असतील तर प्रत्येक पाखीवरून मिनिटाला दोन बादल्यांच्या वर. या बादल्या तुमच्या जोत्याच्या मुळाशी ओतल्या जाणार, की दोन फूट लांब पडून गडग्याकडे वाहत जाणार, हे वळचण किती पुढे काढली आहे त्यावर ठरतं.

३. पायाचा खड्डा

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण यात शहाणपण एवढंच की आधी पाण्याचा चर खोदायचा, मग पायाचा. जागेच्या चढाच्या बाजूला, घराच्या चार-पाच हात वर, आडवा चर काढला की डोंगराकडून येणारं पाणी वळून जातं. हे न करता पाया खोदला की तो पाया राहत नाही, शेततळं होतं.

अवकाळीची भीती असेल तर खड्डा पूर्ण खोल करू नका. तळाची शेवटची अर्धा फूट माती ठेवून द्या आणि ज्या दिवशी काँक्रीट घालायचं त्याच सकाळी काढा. वर पाऊस पडून चिखल झाला तर तो त्या अर्ध्या फुटाचा होईल. खालची जमीन कोरी राहील. आणि झालेला चिखल कोरडा होण्याची वाट बघायची नाही, फावड्याने काढून टाकायचा. भिजून फुगलेली माती वाळली तरी पूर्वीइतकी घट्ट बसत नाही.

४. जोतं: पोह्यांचा डबा आणि समईची वात

डब्यात पोहे भरले की डबा काठोकाठ दिसतो. दोनदा आपटला की बोटभर जागा होते. जोत्यात भरलेल्या मातीचं हेच होतं. आपटणारा तेवढा पाऊस असतो. भरावाच्या मातीत हवा असते. पाणी मुरलं की कण सरकून जवळ येतात आणि भराव खाली बसतो. त्यावर आधीच फरशी बसवलेली असेल तर ती मधोमध पोकळ वाजू लागते आणि एक दिवस कपाटाच्या पायाखाली खचते.

उपाय दोन. भराव अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी घालायचा, प्रत्येक थराला पाणी मारायचं आणि धुमसाने ठोकायचं. दुसरा उपाय जुन्या गवंड्यांचा. आमचे मिस्त्री मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "भाऊ, घाई नसेल तर जोतं एक पावसाळा उघडं ठेवा. बसायचं ते बसू दे." मी हिशेबी माणूस, मला हा आळस वाटला. पण ऐकलं. जून ते सप्टेंबर जोतं नुसतं भिजलं. दसऱ्याला पाहिलं तर एका कोपऱ्यात भराव जवळजवळ चार इंच खाली गेला होता. फरशी घालून बसलो असतो तर तो कोपरा नेमका देवघराचा होता.

म्हणजे पावसाळ्यात चालणारं, किंबहुना पावसाळ्यानेच करून द्यायचं पहिलं काम हे. फक्त भरावाच्या कडेचे चिरे आधी नीट बांधलेले हवेत, नाहीतर माती वाहून अंगणात येईल.

दुसरी गोष्ट ओलीची. समईतलं तेल खाली असतं आणि ज्योत वर. तेल वातीतून वर चढतं, कोणी ढकलत नाही; धाग्यांमधल्या बारीक जागा ते ओढून घेतात. भिंतही अशीच वात आहे. जमीन चार महिने ओली राहिली की ओल चिऱ्यातून आणि सांध्यांतून वर चढते आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांवर रंगाचे पोपडे सुटतात. वात मध्ये कापली की ज्योत विझते. भिंतीची वात कापायची म्हणजे जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, पाणी न झिरपणाऱ्या घट्ट काँक्रीटचा सलग थर द्यायचा. घराभोवती कुठेही त्याला खंड पडू द्यायचा नाही, दाराखालीही नाही. घर उभं राहिल्यावर हा थर घालता येत नाही. मागाहून भिंतीला लावायची जी रसायनं विकतात, ती ज्योतीवर फुंकर मारण्यासारखी. तेल चढतच असतं.

इथे जांभ्याबद्दल दोन शब्द. या दगडाचं 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये मलबारात पाहून दिलं; लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. नाव चपखल आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने विटेसारखा कापता येतो, आणि उन्हा-वाऱ्यात ठेवला की त्यातला ओलावा जाऊन आणि लोहाची संयुगं घट्ट होऊन टणक बनतो. त्यामुळे चिऱ्यालाही वय आहे. काल कापलेला, हाताला गार लागणारा चिरा आज भिंतीत घालू नये. पावसाळ्यात खाणी पाण्याने भरतात, तेव्हा पुढच्या हंगामाचे चिरे आधीच्या उन्हाळ्यात आणून अंगणात रचणारा माणूस दोनदा शहाणा: त्याला भावही बरा मिळतो आणि दगडही मुरलेला.

५. पापड आणि दही

सिमेंटबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज 'सिमेंट वाळतं' या शब्दांत आहे. पापड वाळतो. पापडातलं पाणी उडून जातं आणि तो कडक होतो. पुन्हा भिजवला तर मऊ पडतो. सिमेंट दह्यासारखं लागतं. त्यातलं पाणी उडून जाण्यासाठी घातलेलं नसतंच, ते सिमेंटशी संयोग पावून दगडाचा भाग होतं. लागलेलं दही पाण्यात ठेवलं म्हणून पुन्हा दूध होत नाही, आणि लागलेलं काँक्रीट समुद्रात बुडवलं तरी विरघळत नाही.

दह्याची उपमा आणखी पुढे नेता येते. विरजण लावण्याआधी दुधात पाणी घातलं तर दही पातळ लागतं. अर्धवट लागलेलं भांडं हलवलं तर ते मोडतं. लागल्यावर मात्र नीट सांभाळलं की झालं. सिमेंटची हीच तीन वयं आहेत.

पहिलं वय गोणीतलं. इथे पाण्याचा थेंबच काय, हवेतला दमटपणासुद्धा नको. गोणी फाडलेली नसली तरी सिमेंट हवेतला ओलावा खात असतं; तीन महिन्यांत त्याची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते, असा सर्वसाधारण हिशेब आहे, आणि कोकणच्या जुलैत तर काही विचारूच नका. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, दहापेक्षा जास्त थर न लावता ठेवायच्या. गोणीत हात घातला की गार लागलं पाहिजे. गोळे सापडले आणि चिमटीत फुटले तर ठीक. फुटले नाहीत तर ती गोणी स्लॅबला नको, अंगणातल्या धोंडीला वापरा.

दुसरं वय पाणी घातल्यापासून पहिल्या काही तासांचं, सगळ्यांत नाजूक. त्याची गोष्ट पुढच्या भागात. पण इथे पावसाळी दिवसांत सगळ्यांना चकवणारी एक बाब सांगायला हवी. पाणी फक्त आकाशातून येत नाही, ते वाळूतूनही येतं.

५० किलोच्या एका गोणीला, घराच्या स्लॅबच्या नेहमीच्या मालासाठी, २५ लिटर पाणी धरू. त्या गोणीला दीड पट वाळू लागते. गोणीचं माप ३५ लिटर, म्हणजे वाळू साधारण ५२ लिटर. वजनाने ७५ ते ८० किलो. रात्री पाऊस पडून वाळूत पाच टक्के ओलावा आला, तर त्या वाळूबरोबर चार लिटर पाणी चोरपावलांनी मिक्सरमध्ये येतं. बिगारी सवयीने २५ लिटरच ओततो. झाले २९. माल छान सैल वाटतो, पटकन पसरतो, सगळे खूश. पण जास्तीचं पाणी संयोगात खर्च होत नाही. ते मागाहून उडून जातं आणि त्याच्या जागी सुईच्या टोकासारखी लाखो छिद्रं राहतात. ताकद कमी, वर गळतीला वाट. ओल्या वाळूच्या दिवशी २५ ऐवजी २१ लिटर, एवढं गणित ज्याने केलं त्याने निम्मा पावसाळा जिंकला.

आणि उलटा चकवा असा की दमट वाळू फुगते. कणांभोवती पाण्याची पातळ साय धरते आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. घमेलं तेवढंच दिसतं, पण आत वाळू कमी. स्वतः करून पाहा. काचेच्या बरणीत दमट वाळू सैल भरा, उंची २० सेंटिमीटर. ती काढून घ्या, बरणी अर्धी पाण्याने भरा, तीच वाळू परत सोडा आणि ढवळा. आता उंची भरते १६. म्हणजे १६ च्या वाळूने २० ची जागा अडवली होती. फुगवटा पंचवीस टक्के. ब्रासच्या मापाने वाळू घेताना ती दमट असेल तर तुम्ही हवेचे पैसे मोजताय.

तिसरं वय दुसऱ्या दिवसापासूनचं. आता पाणी हवं, भरपूर हवं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस. राखमिश्रित सिमेंटला, म्हणजे हल्ली दुकानात बहुधा जे मिळतं त्याला, निदान दहा. मे महिन्याच्या उन्हात स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं लागतं, दिवसातून तीनदा पाहावं लागतं, आणि ते काम ज्याच्याकडे असतं तो नेमका तेव्हा लग्नाला जातो. पाऊस हे काम न सांगता करतो. फोनवरच्या भाच्याचं म्हणणं या वयापुरतं शंभर टक्के बरोबर.

६. वीस मेचा स्लॅब

आमच्या घराचं माजघर आणि पडवी कौलारू, मागची स्वयंपाकघराची बाजू तेवढी स्लॅबची. चारशे चौरस फूट, पाच इंच जाडी, गोण्या चाळीसेक. फार तर चार-पाच तासांचं काम. तारीख १० मे ठरली होती. सळई उशिरा आली, मग सेंट्रिंगवाला दुसऱ्या गावात अडकला, आणि उजाडली २० मे २०२५.

सकाळी सातला मिस्त्री आले, खळ्यात उभे राहून त्यांनी समुद्राच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, आज नको ओतूया. वारा फिरलाय."

मी म्हटलं, "मिस्त्री, मिक्सर येऊन उभा आहे. बारा माणसं आली आहेत."

ते काही बोलले नाहीत. बिडी विझवून वर चढले.

साडेअकराला निम्म्याहून थोडा जास्त स्लॅब झाला होता. आधी वास आला, मग एक थंड झोत, मग थेंब. मोठाले, लांब लांब पडणारे. ओल्या काँक्रीटवर प्रत्येक थेंबाचा खड्डा उमटत होता, देवीच्या व्रणांसारखा. दोन मिनिटांत ते खड्डे एकमेकांत मिसळले आणि फळ्यांच्या सांध्यांतून राखाडी पाणी ठिबकू लागलं. तो राखाडी रंग म्हणजे सिमेंट. खाली अंगणात माझे पैसे वाहत चालले होते आणि मला तो रंग आजही आठवतो.

मी ओरडलो, "कोरं सिमेंट मारा वरून!" सगळेच असं ओरडतात. मिस्त्री म्हणाले, "हात लावू नका कोणी." तेच बरोबर होतं. वरून भुरभुरलेलं सिमेंट आतल्या मालाशी एकजीव होत नाही; त्याचा पापुद्रा बनतो आणि वर्षभरात उडतो.

त्यांनी मिक्सर थांबवला. ओतलेला भाग जिथे तिथे ओबडधोबड सोडला नाही. दोन भिंतींच्या मधल्या भागात फळी उभी लावून कड सरळ कापून घेतली. स्लॅब थांबवायचाच असेल तर तो दोन आधारांच्या मधल्या पट्ट्यात थांबवावा, भिंतीच्या तोंडाशी नाही. आधाराजवळ काप जाण्याचा जोर सर्वांत जास्त असतो, मध्यावर तो कमी असतो. मग बांबू आडवे टाकून त्यावर ताडपत्री ओढली, तंबूसारखी, मध्ये उंच. माझ्या मनात ती सरळ काँक्रीटवर अंथरायची होती. तसं केलं असतं तर तिच्यावर पाणी साचून तिच्या वजनाने स्लॅबला वाट्या पडल्या असत्या.

ताडपत्री सकाळपासून खाली घडी घालून पडली होती. ती आधी बांधून ठेवायला हवी होती, ही चूक माझी. आभाळ स्वच्छ असलं तरी बांबू आणि ताडपत्री वर चढल्याशिवाय पहिली पाटी टाकू नये.

पाऊस वीस मिनिटं पडला. आठ वाजता टाकलेल्या भागाला काहीही झालं नाही. तो तोवर साडेतीन तासांचा झाला होता आणि अंगठा दाबला तर नुसता ठसा उमटत होता. अकराला टाकलेल्या पट्ट्याचा वरचा थर धुपला, खडी उघडी पडली. एकाच स्लॅबवर, एकाच पावसाने, दहा हातांच्या अंतरात दोन निकाल. चार ते सहा तास निभावले की साधी सर काँक्रीटचं फारसं बिघडवू शकत नाही. दुसऱ्या दिवशी उघडीप बघून धुपलेला थर तारेच्या ब्रशने खडखडीत होईपर्यंत घासला, कापलेल्या कडेला सिमेंटचा घोळ लावला आणि उरलेला स्लॅब ओतला. त्यानंतर पाऊस थांबलाच नाही. आळी करावी लागली नाही.

पण त्या पावसाने एक नवी काळजी दिली, खालच्या टेकूंची. ओल्या काँक्रीटचं सगळं वजन टेकूंवर असतं आणि टेकू मातीवर. माती भिजली की टेकू रुततो. पाव इंच रुतला तरी स्लॅब तिथे झोळ धरतो आणि तसाच घट्ट होतो. प्रत्येक टेकूखाली फळीचा रुंद तुकडा हवा, आणि स्लॅबखालच्या जागेत पाणी शिरू नये म्हणून बाजूने चर. टेकू काढायचे ते साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला साध्या सिमेंटमध्ये सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवसांनी. राखमिश्रित सिमेंट हळू लागतं, म्हणून आम्ही गाळा लहान असूनही चौदा दिवस थांबलो.

७. वाऱ्याचं वजन

पाऊस घराला भिजवतो, छप्पर नेतो तो वारा. वाऱ्याचा दाब काढायचं एक साधं सूत्र आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर येतं न्यूटनमध्ये, प्रत्येक चौरस मीटरवर. त्याला दहाने भागलं की ढोबळ किलो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. वर्ग साधारण १,१००, गुणिले ०.६ म्हणजे ६६०. प्रत्येक चौरस मीटरला ६६ किलो. वेग निम्मा, म्हणजे ताशी ६० धरला, तर दाब निम्मा होत नाही, पाव होतो: साधारण १६ किलो.

आता छपराचं वजन बघा. मंगलोरी कौलं रिपांसकट चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरतात. पत्रा पाच-सहा किलो. वारा छपरावरून जाताना ते नुसतं ढकलत नाही, वरही ओढतो. कागदाची पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकर मारा, पट्टी उचलली जाते. कडेला आणि कोपऱ्यांना ही ओढ सर्वांत जास्त. म्हणजे कौलं स्वतःच्या वजनावर जिथवर तग धरतात, तिथे पत्रा मामुली वादळातही फक्त स्क्रूच्या भरवशावर असतो. आणि पत्र्याला वाशाशी घट्ट बांधून भागत नाही. वासा भिंतीवरच्या पाटाला आणि पाट भिंतीला बांधलेला नसेल तर वारा पत्रा वाशांसकट उचलून शेजारच्या बागेत ठेवतो.

मंगलोरी कौलांचा कारखाना बाझल मिशनने मंगलोरला १८६५ मध्ये काढला. त्याआधी कुंभाराची नळीची कौलं होती. ती एकमेकांत अडकत नसत. वारा, माकडं आणि मांजरं मिळून ती सरकवत, म्हणून दर वर्षी पावसाआधी घर शाकारावं लागे. मंगलोरी कौलाला खाचा आहेत, एक दुसऱ्याला धरतं. पण उतार मात्र खडा हवा: दहा फूट रुंदीच्या पाखीला आढ्यापर्यंत सहा फुटांच्या आसपास चढ. दिसायला बरं म्हणून उतार कमी केला की वारा पाणी उलटं ढकलून खाचेच्या वर चढवतो.

हल्ली गावोगाव एक प्रकार दिसतो. आधी हौसेने सपाट स्लॅब घालायचा, दोन पावसाळे गळती सोसायची, आणि मग त्यावर लोखंडी सांगाडा उभा करून पत्र्याची शेड टाकायची. दोन छपरांचे पैसे देऊन एकाचं काम. आजोबांनी तेच काम वासे, रिपा आणि कौलं यांत भागवलं होतं, आणि पश्चिमेच्या झडीला झापांचा आडोसा बांधत होते तो वेगळाच.

८. पहिला पावसाळा, हातात खडू

छप्पर झालं, पाऊस लागला. आता आतलं काम करता येतं, आणि गिलाव्याला तर हा हंगाम उत्तम. दमट हवेत तो हळूहळू लागतो, तडे जात नाहीत. दारं मात्र थांबवावीत. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मेमध्ये चपखल बसवलेलं दार जुलैत खांद्याने ढकलावं लागतं, आणि जुलैत रंधा मारून बसवलेल्या दारातून पुढच्या मेमध्ये पाली ये-जा करतात. चौकटी लावून ठेवा, फळ्या दिवाळीनंतर.

रंगही दिवाळीनंतर. भिंत हाताला कोरडी लागते तेव्हा आतून कोरडी असतेच असं नाही. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर रंगाऱ्याला परत पाठवा.

जून ते सप्टेंबर मी एकच काम नेमाने केलं. मोठी सर आली की खडू घेऊन घरभर फिरायचं, जिथे ओल दिसेल तिथे वर्तुळ काढायचं आणि आत तारीख लिहायची. आई म्हणायची, "अरे, नव्या भिंती कसल्या रंगवतोयस?" सप्टेंबरअखेर एकूण अकरा वर्तुळं झाली. त्यातली सात पहिल्या महिन्यातली, एकदाच ओली झालेली. ती भिंतीतलीच ओल होती, उडून गेली. दोन पन्हळीच्या सांध्याखाली होती, सांधा बदलल्यावर मिटली. राहिली दोन, दोन्ही पश्चिमेच्या खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत. प्रत्येक झडीला नवी तारीख, एकावर एक.

डिसेंबरात रंगारी आला, वर्तुळं पुसायला फडकं ओलं केलं. मी त्याला थांबवलं आणि मिस्त्रींना बोलावलं. ते छज्ज्याखाली वाकले, खालून बोट फिरवलं आणि म्हणाले, "खाच द्यायची राहिली." छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन बोटं आत, एक लांबट खाच ठेवतात, कडेवरून ओघळून खालून भिंतीकडे येणारं पाणी त्या खाचेशी अडतं आणि तिथेच गळून पडतं. त्यांनी छिन्नी घेतली. अर्धा तास ठकठक चालली, रंगारी ओट्यावर बसून चहा प्यायला, आणि खाली पडलेला भुगा आईने सुपात भरून नारळाच्या आळ्यात टाकला.